अबोल्याचे एकशे सव्वीस दिवस

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०

मुलाच्या, प्रणयच्या बँकेची डायरी. कव्हर प्लास्टिकचं, कागद पातळ. चालेल. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, दिवसातून एकदा स्वतःला खरं सांगावं. मी नेहमीच सांगते. अडचण इतरांची असते.

यंदाचे संकल्प. चहा बिनसाखरेचा. रोज दोन किलोमीटर चालणं. रूपाचं नाव या डायरीत येणार नाही.

सकाळी ६.२५

नाव वर आलं आहे, पण ते संकल्पातच आलं आहे. धरायचं नाही.

सकाळी ८

साखर अर्धा चमचा. थंडी फार आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

जेवताना प्रेरणानं जाहीर केलं की पंचवीस तारखेला, रविवारी, फुलंब्रीच्या अलीकडे एका शेतावर हुरडा महोत्सव आहे आणि आपण सगळे जाणार आहोत. प्रेरणा माझी सून. शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्या बोलण्यात विचारणं नसतं, सूचना असते. मी म्हटलं, चांगलं आहे. मग ती पाण्याचा ग्लास भरता भरता म्हणाली की ऋतुराजच्या घरचेही येणार आहेत, बुकिंग एकत्रच केलंय.

ऋतुराज म्हणजे रूपाचा मुलगा. (नाव नाइलाजानं.)

मी ताटावरून उठले नाही. मॅनर्स आहेत. फक्त भाजी परत वाढून घेतली नाही.

घरच्यांना वाटतं मी विसरले. एकशे तीन दिवस झाले. २१ सप्टेंबरला आमच्याकडे माझ्या यजमानांचा, रामकिसन यांचा पहिला स्मृतिदिन होता. भन्तेजी आलेले, हॉलमध्ये साठ माणसं, समोर फोटोला हार. वंदना संपली, सगळे शांत बसलेले. आणि रूपा, पंचेचाळीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण, सगळ्यांसमोर विचारते, "रामकिसनभाऊ कुठं दिसत नाहीत? मंडईत गेले का?"

कोणी हसलं नाही. एक बाई खोकली.

हे जिवंत असताना दर रविवारी मंडईत जायचे, दोन दोन तास यायचे नाहीत, आणि मी त्यावरून रूपाजवळ किती चिडचिड केली आहे ते तिला ठाऊक. तेच तिनं नेमकं उचललं. हारासमोर. त्या मिनिटापासून अबोला.

आमचा अबोल्याचा नियम टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधला आहे, आम्ही दोघी तिथं ऑपरेटर होतो. ८३ सालचा, मीच केलेला. ज्यानं दुखावलं त्यानं पहिला शब्द बोलायचा. बोर्डवर शेजारी शेजारी बसून तीन वेळा अबोला झाला. तिन्ही वेळा पहिला शब्द रूपाचा. कारण तिन्ही वेळा चूक तिची होती.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी

सायलीचा फोन. रूपाची सून. काकू, आईंना न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं, स्कॅन केला, त्यांना विसरायला होतंय, तुम्ही एकदा भेटलात तर बरं वाटेल त्यांना. आवाज अगदी मऊ.

मी पण मऊच बोलले. म्हटलं, सायली, तुझ्या सासूला औरंगाबादचे चारशे नंबर पाठ होते. कलेक्टर ऑफिस, घाटी दवाखाना, कॉटन जिनिंगवाले, सगळे. डिरेक्टरी मी उघडायचे, ती नुसती तोंडानं सांगायची. ती बाई एक माणूस मेला हे विसरते?

मग सायली म्हणाली, व्हय काकू, तेच विसरतात.

सुनेला पुढं करून माफी मागायची ही जुनी युक्ती. मी कच्च्या गुरूची चेली नाही. म्हटलं, तिला बोलायचं असेल तर माझा नंबर तिच्याकडे आहे.

चालणं झालं नाही. गुडघा.

८ जानेवारी, गुरुवार

उस्मानपुऱ्याच्या जुन्या घरमालकीण बाईंचा फोन. ते घर सोडून आम्हाला सहा वर्षं झाली. म्हणाल्या, एक बाई रिक्षानं आल्या, पायरीवर तासभर बसल्या, स्टीलचा डबा ठेवून गेल्या. तिळगूळ आहे म्हणाल्या. निरोप: सुलेखाला सांगा, मी वाट बघितली.

प्रणयनं ऑफिसमधून येताना डबा आणला. रूपाचाच. झाकणावर एक्स्चेंजच्या निरोप समारंभाचं नाव कोरलेलं. माझ्याकडेही तसाच आहे.

आता विचार करावा. माझ्या घरी संक्रांत नसते, तरी चव्वेचाळीस वर्षं तिचा तिळगूळ चौदा तारखेला सकाळी दहाच्या आत आला आहे. यंदा सहा दिवस आधी. तोही जुन्या पत्त्यावर. गारखेड्याच्या या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी दूध उतू घालायला तीच उभी होती, गॅस मोठा कर म्हणून ओरडत होती, आणि तिला पत्ता माहीत नाही?

अर्थ सरळ आहे. तू माझ्या लेखी अजून भाड्याच्या घरातच आहेस, असं तिला म्हणायचंय.

डबा उघडला नाही. फ्रीजवर ठेवला आहे. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.

प्रणय म्हणत होता की आज रूपाकडे फार गोंधळ झाला, मावशी दुपारपासून सापडत नव्हत्या, संध्याकाळी 'बाबा पेट्रोल पंपा'च्या चौकात सापडल्या. मी म्हटलं, रिक्षात गप्पा मारत बसली असेल. तिला सवय आहे.

१४ जानेवारी, बुधवार. सकाळी ९

आज ती येईल असं मला अजिबात वाटत नाही. सहज हॉल आवरला. निळी साडी नेसले कारण तीच वर होती.

सकाळी ११

दार उघडं ठेवलं आहे. हवा खेळती राहावी म्हणून.

दुपारी १.३०

बेल वाजली. कुरिअर. प्रेरणाच्या चपला.

संध्याकाळी ५

हवा पुरेशी झाली. दार लावलं.

एकशे पंधरा दिवस. साखर दोन चमचे. संकल्पाचा पुनर्विचार एकतीस तारखेनंतर.

१७ जानेवारी, शनिवार

प्रेरणाशी खटका. मी तिला एवढंच म्हटलं की पंचवीसला मी येईन, पण दोन्ही घरांची सतरंजी वेगळी हवी. ती गाजर किसत होती. किसणी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला सगळं कळलंय. रागावून राहिलं की मावशी अजून पूर्वीसारख्याच आहेत असं वाटतं तुम्हाला."

हल्लीच्या मुली मोबाइलवर चार व्हिडिओ बघतात आणि डॉक्टर होतात. मी उठून खोलीत आले. इथं लिहून ठेवते की उत्तर माझ्याकडे होतं.

दुपारी ४

अजून सुचतंय.

२० जानेवारी, मंगळवार

हुरड्याच्या दिवशी ती माफी मागणार हे नक्की. शेत, उघडी हवा, दोन्ही घरं, तिला दुसरा मार्गच राहणार नाही. मला काय स्वीकारता येईल ते आधी ठरवलेलं बरं. कच्चा मसुदा:

'सुलेखा, मी तुझ्या दुःखाची थट्टा केली. माझं चुकलं. रामकिसनभाऊंची मला रोज आठवण येते.'

तिसरं वाक्य ऐच्छिक. सगळ्यांसमोर म्हटलं पाहिजे, कारण बोलली सगळ्यांसमोर. यावर मी ताबडतोब हो म्हणणार नाही. पाच मिनिटं घेईन. मग म्हणेन, ठीक आहे रूपा, बस.

पाच फार होतील. दोन.

२४ जानेवारी, शनिवार

तयारी. स्वेटर, टोपी, पाणी, गुडघ्याचा पट्टा, रुमाल दोन (तिला लागला तर), चमचा.

चमच्याचं कारण आहे. ८१ साली एक्स्चेंजच्या आम्ही सात मुली रूपाच्या माहेरी शेतावर हुरडा खायला गेलो. माझी पहिलीच वेळ. वडील मिलिंद कॉलेजच्या लायब्ररीत, घर नागसेनवनात, शाळा सिस्टरांची. ज्वारी मी पिठाच्या डब्यात पाहिलेली. आगटीतून भाजलेलं कणीस काढून प्रत्येकीच्या हातावर ठेवलं, आणि मी चमचा मागितला. मुली इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. रूपा हसली नाही. तिनं माझ्या हातातलं कणीस घेतलं, स्वतःच्या तळव्यांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. म्हणाली, "तुझे हात प्लग लावायला केलेत बाई, कणसाला नाय."

त्यानंतर दरवर्षी माझा हुरडा तिनंच चोळला. तिचे हात भाजत नाहीत म्हणायची. भाजायचे.

यंदा चमचा. कोणाचे उपकार नकोत.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.४०

गाडीत बसून लिहिते आहे. प्रणय पार्किंगमध्ये काच पुसतोय. मसुदा पाठ आहे. तिचा.

सकाळी १०

महोत्सव म्हणे. गेटवर मनगटाला कागदी पट्टी बांधतात, दवाखान्यात ॲडमिट झाल्यासारखी. पुढे शेणानं सारवलेली भिंत, तिच्यासमोर फोटोची रांग. लाउडस्पीकर. एका स्टॉलवर हुरडा चोळायचं मशीन, दाणे खाली प्लेटमध्ये पडतात. प्लेटमध्ये चमचाही देतात. म्हणजे ८१ साली मी काळाच्या पुढं होते.

बोरं, ऊस, गुळाची रेवडी, लसणाची चटणी, दही. भरीत बरं आहे. हे कोणाला सांगितलं नाही.

ते आले.

सकाळी १०.४०

संतापानं अक्षर वाकडं येतंय.

सायलीनं तिला हाताला धरून आणलं. साडीचा पदर उलट्या बाजूला, एका पायात एका जोडीची चप्पल, दुसऱ्या पायात दुसऱ्याच जोडीची. एवढी नटवी बाई ही, हेडफोन घालायचा म्हणून केसांची पिन बदलणारी. मी मुद्दाम उभी राहिले. पहिल्या वाक्याची वाट बघत. ती माझ्यापुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. बसा ना तुम्ही."

तुम्ही.

पंचेचाळीस वर्षं 'ए सुले' म्हणणारी बाई मला चारचौघांत तुम्ही म्हणते. शिवी परवडली असती. मी तिथून निघाले आणि बैलांकडे जाऊन उभी राहिले. बैल सभ्य होते.

संध्याकाळी ५.३०. घरी

क्रमानं लिहिते.

जेवणं झाली. सतरंजी एकच होती. मी एका टोकाला, ती दुसऱ्या. मग सगळे बैलगाडीच्या फेरीला निघाले. सायली माझ्याजवळ आली, दहाच मिनिटं बसाल का आईंजवळ, त्या उठून चालू लागतात. मी म्हटलं, बसेन, बोलणार नाही. ती म्हणाली, चालेल काकू.

मशीनच्या स्टॉलमागे, लोकांना दिसणार नाही अशा जागी, खरी आगटी होती. सारजाबाई नावाची म्हातारी गोवऱ्यांत कणसं खोचत होती. हा हुरडा कामावरच्या माणसांसाठी. मशीनचा पाहुण्यांसाठी. रूपा थेट तिथं जाऊन मांडी घालून बसली. मला गुडघ्यामुळे वीट घ्यावी लागली.

मी पर्समधून चमचा काढला. नीट दिसेल असा धरला.

तिनं चमच्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. सारजाबाईकडून कणीस घेतलं. वाफ निघत होती. तळव्यांत धरून चोळलं, बोटं न थांबता, जशी ती कॉर्ड ओढायची तशी सराईत. फुंकर. कोंडा माझ्या स्वेटरवर आला. मग तिनं माझ्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला आणि दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

"खावा," म्हणाली. "तुमचे हात नाजूक दिसतात. माझ्या एका मैत्रिणीचे असेच आहेत."

मी खाल्ले. गोड होते.

मग ती माझ्याकडे वाकली. सारजाबाईला ऐकू जाऊ नये असं, अगदी हळू.

"तुम्ही गारखेड्याच्या बाजूच्या का हो? मग तिला ओळखत असाल. सुलेखा. आम्ही एक्स्चेंजला होतो. ती लई रागावली आहे माझ्यावर."

मी विचारलं, का. एकशे सव्वीस दिवसांत तिला बोललेला माझा पहिला शब्द.

"मी कायतरी वंगाळ बोलले तिला. काय बोलले ते सापडत नाय. रोज शोधते. सगळे म्हणतात जाऊ द्या आई. कसं जाऊ द्या? तिच्या दारात जाऊन बसले होते, ती आलीच नाय."

तिनं दुसरं कणीस घेतलं. तळवे लाल झाले होते. मी तिचा हात धरायला हवा होता.

"तुमच्याकडं फोन आहे ना? तिला लावा. नंबर मला पाठ आहे. दोन, तीन, डबल सिक्स, चार."

उस्मानपुऱ्याच्या घरचा लँडलाइन, नंबर पाच आकडी होते तेव्हाचा. ती लाइन आम्ही घर सोडताना परत केली. अर्जावर सही रूपाचीच होती, टेलिफोन ऑफिसच्या काउंटरवर त्या दिवशी तीच होती.

मोबाइल काढला. पाच आकडे दाबले. काहीतरी रेकॉर्डिंग वाजलं. अडतीस वर्षं मी लोकांना नंबर जोडून दिले, न मिळणारे, पाण्यात बुडालेल्या लाइनींचे सुद्धा. आज 'मीच सुलेखा' एवढे दोन शब्द होते. आले नाहीत. मी म्हटलं, लाइन एंगेज आहे.

तिनं समजूतदारपणे मान हलवली. "एंगेजच असते तिची. थांबू आपण. पण लागला तर रागानं नका सांगू. तिला रागानं सांगितलेलं चालत नाय."

आम्ही थांबलो. ती चोळत राहिली, मी खात राहिले. बैलगाडी परत आली.

मसुदा आठवला नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेले नाही. दर वर्षी जाते.

दुपारी फ्रीजवरचा डबा उघडला. तिळगूळ नाही. एका बाजूला कोरडे तीळ, न भाजलेले. दुसऱ्या बाजूला गुळाचा खडा, दुकानातला कागद लागलेला तसाच. बस. मधलं सगळं तिला आठवलं नसणार. दोन गोष्टी आणायच्या हे आठवलं, आणि कोणाला द्यायच्या ते.

अठरा दिवस तो माझ्या डोक्यावर होता.

प्रेरणा ओट्याशी आली, डब्यात बघितलं. चहा केला. साखर तिनंच घातली.

२७ जानेवारी, मंगळवार

त्याच तिळाचे आणि त्याच गुळाचे लाडू करायला घेतले. मी कधी केले नव्हते. आयते यायचे. प्रेरणा म्हणाली, पाक गरम असतानाच वळायचे, गार झाला की वळत नाहीत. सोपं आहे. तीळ भाजले, थोडे जळाले. पाक झाला. तळव्यावर घेतला आणि ओरडले.

तळवे पोळले. तरी वळले. सात झाले. पाच दगड, दोन लाडू.

योजना: उद्या आधी फोन करायचा. तोंड बघून तिला ओळख पटत नसेल, पण आवाज पटेल. तिनं मला आयुष्यात जितकं पाहिलं त्याहून जास्त ऐकलं आहे. सायलीला सांगितलं, सकाळी साडेनऊला घरच्या फोनजवळ बसव. ती म्हणाली, त्यांना सकाळी बरं असतं काकू. प्लॅन पक्का आहे. यात चुकण्यासारखं काही नाही.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.५०

फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, "नंबर प्लीज."

पलीकडे श्वास. मग अगदी पूर्वीचा आवाज, वीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत.

"सुले. तूच ना?"

मी हो म्हटलं. एवढंच जमलं.

"ऐक. आत्ता नाय बोलता येणार. माझा अबोला आहे तुझ्याशी."

मी विचारलं, मी काय केलं?

मागे सायलीचा मिक्सर बंद झाला.

"ते नाय आठवत," रूपा म्हणाली. "पण लई दिवस चाललाय. आणि लई लागलंय." रिसीव्हर ठेवला. तोही नीट, पूर्वीसारखा, आवाज न करता.

सकाळी १०.१५

मी काय केलं ते मला आठवतं आहे. ज्यानं दुखावलं त्यानं पहिला शब्द बोलायचा.

दोन लाडू तिच्याच डब्यात भरले. रिक्षावाल्याला तिच्या घराचा, सिडकोचा पत्ता सांगितला आहे. तिथं पोचेपर्यंत मी पुन्हा गारखेड्याच्या बाजूची कोणीतरी बाई झालेली असेन. हरकत नाही. बसा म्हणाली तर बसेन.

चमचा घेतला नाही.